प्रत्यक्षाचा रकाना

त्या कारखान्यात प्रत्येक धातू दोनदा कापला जाई. एकदा वरच्या मजल्यावर, संगणकात. आणि एकदा खालच्या मजल्यावर, नाइलाज म्हणून.

वरचं कापणं बघायला पाहुणे येत. तिथे गार हवेची खोली होती, भिंतीएवढा पडदा होता, आणि पडद्यावर कापायचं टूल धातूत शिरलं की निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पिवळा आणि पिवळ्यातून लाल असे रंग फुलत जात. तेल उडत नसे, धूर होत नसे, कुणाचं बोट कापत नसे. खालच्या मजल्यावर हे सगळं होई, म्हणून पाहुण्यांना तिकडे नेत नसत.

खाली लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, कानसेन उभा असे. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं होतं. गाण्याचं त्याला अंगही नव्हतं. पण टूल धातूला लागलं की नुसत्या आवाजावरून ते अजून किती वेळ टिकेल, हे तो पाठमोरा उभा राहून सांगे. "तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी आहे," असं कुणीतरी पहिल्या वर्षी म्हणालं आणि ते सव्वीस वर्षं चिकटून राहिलं.

कारखाना खुब्याचे कृत्रिम सांधे बनवत असे. माणसाचा खुबा मोडला की डॉक्टर मांडीच्या हाडात धातूचा एक दांडा बसवतात आणि त्यावर गोळा. तो दांडा इथला. त्याला लागणारा टायटॅनियमचा मिश्रधातू वजनाला हलका, शरीराला मानवणारा आणि कापायला महाबिलंदर. पोलाद कापताना बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. हा धातू ती सोडत नाही. लग्नात मान कमी पडलेल्या आत्याबाईंसारखा तो सगळं मनात धरून बसतो आणि टूलच्या टोकावर काढतो. घाई केली की टूल जळतं, आणि बोथट झालेलं टूल धातू कापत नाही, ओरबाडतं. ओरबाडलेल्या दांड्यावर बारीक चरे उठतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण पुढे तो दांडा घेऊन चालणाऱ्याला कळतात.

तेव्हा अशा धातूचा अंदाज आधीच बांधावा, टूल किती वेगाने चालवायचं आणि ते किती मिनिटं टिकेल हे संगणकावर ठरवावं, ही कल्पना मुळात शहाणपणाची होती. पण शहाणपणाच्या कल्पनेचा एकदा विभाग झाला की तिचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. इथे 'आभासी कर्तन व वास्तव-पडताळणी विभाग' झाला. त्याच्या प्रमुखांना खालचे लोक रंगारीसाहेब म्हणत. साहेबांनी आयुष्यात एकदाच लेथ चालवला होता, कॉलेजात असताना, आणि त्याचा फोटो त्यांच्या टेबलावर होता.

साहेबांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर गृहीतकं छापलेली असत. एक, टूल झिजत नाही. दोन, यंत्र थरथरत नाही. तीन, धातू सगळीकडे सारखा असतो. चौथं छापलेलं नव्हतं, पण ते असं होतं की यंत्रापाशी कुणी उभं नाही. याच अहवालात शेवटच्या पानावर टूलचं आयुष्य चाळीस मिनिटं असं दिलं होतं. न झिजणारं टूल चाळीसच मिनिटं कसं टिकतं, असं कानसेनने एकदा भीत भीत विचारलं. साहेबांनी समजुतीने सांगितलं की चाळीस हा आकडा आधीच्या अहवालातून घेतलेला आहे. आधीच्या अहवालात तो त्याच्या आधीच्या अहवालातून घेतला होता, आणि सगळ्यात पहिला अहवाल साध्या पोलादाचा होता.

त्याच भेटीत कानसेनला पडदा दाखवण्यात आला. तो हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, ह्याला आवाज नाही का?"

"आवाज हा आउटपुट नाही, काका," साहेब म्हणाले.

लेथच्या डाव्या अंगाला एक काळा नॉब होता. वरून आलेला वेग हाताने कमी-जास्त करायची ती सोय. शंभरावर ठेवला की वरची आज्ञा तंतोतंत. साठावर आणला की साठ टक्के आज्ञा. यंत्राच्या नोंदीत मात्र नेहमी आज्ञाच उमटे, नॉब कुठे होता ते उमटत नसे. नोंद करणाऱ्या यंत्राला आज्ञा आणि आज्ञापालन यांत फरक असतो याची कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी कानसेनने नॉब शंभरावर ठेवला, कारण तो आज्ञाधारक माणूस होता. सातव्या मिनिटाला टूल किंचाळलं. त्याने यंत्र थांबवलं आणि प्रपत्र क्रमांक सतरा भरायला घेतलं. त्यात दोन रकाने होते. 'अपेक्षित'मध्ये चाळीस छापलेलंच होतं. 'प्रत्यक्ष'मध्ये त्याने सात लिहिलं.

पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली की विचलन-स्पष्टीकरण जोडावं लागे. चार पानं आणि तीन सह्या. तफावतीला जबाबदार कोण यासाठी तीन चौकटी छापलेल्या होत्या: टूल, धातू, कामगार. अंदाज बांधणाऱ्यासाठी चौकट नव्हती. कानसेनने पहिल्यांदा टूलवर खूण केली. टूल परीक्षेला गेलं आणि निर्दोष सुटलं. दुसऱ्यांदा त्याने धातूवर खूण केली. धातूचा तुकडा प्रयोगशाळेत जाऊन चारित्र्याचा दाखला घेऊन आला. तिसऱ्यांदा एकच चौकट उरली होती. तिथे खूण केल्यावर त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता, 'अंदाजावर विश्वास कसा ठेवावा'.

प्रशिक्षणाहून परत आल्यावर कानसेनने नॉब चाळिसावर आणला. टूल गुणगुणायला लागलं. दांडे आरशासारखे निघाले आणि टूल चांगलं सव्वा तास टिकलं. प्रत्यक्षच्या रकान्यात पंचाहत्तर लिहायला त्याने पेन टेकवलं आणि तो थांबला. पंचाहत्तर म्हणजेही तफावतच. चांगल्या बाजूची असली तरी पानं चारच. त्याने चाळीस लिहिलं. खरेपणाला चार पानं आणि तीन सह्या लागत होत्या. खोट्याचं काम एका आकड्यात होत होतं. पुढे पुढे तर तो प्रत्यक्षचा रकाना सकाळी आल्या आल्या, यंत्र सुरू करायच्या आधीच, भरून ठेवू लागला.

त्याचं मन त्याला खात होतं असं मुळीच नाही. दांडे उत्तम निघत होते, साहेब खूश होते, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. इतक्या संथ चालीने रोजचं उद्दिष्ट कसं पुरं होई, असं कुणी विचारेल. तर उद्दिष्ट उत्पादन विभाग ठरवत असे, आणि तो ते गेल्या वर्षीच्या आकड्यावरून ठरवत असे. गेल्या वर्षीही दांडे कानसेननेच केले होते, त्याच चालीने. एका इमारतीतले दोन विभाग एकमेकांशी बोलत नसले की खालच्या माणसाला बराच काळ नीट काम करता येतं.

दर महिन्याला ही प्रपत्रं वर जात. तिथे प्रत्यक्षचे आकडे काढून संगणकातल्या अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला शिकवले जात, म्हणजे पुढचे अंदाज अधिक अचूक यावेत. मॉडेल चाळीस म्हणे, कानसेन चाळीस लिही, मॉडेल ते चाळीस वाचून आणखी ठामपणे चाळीस म्हणे. आपणच आपली पाठ थोपटायची आणि कुणी थोपटली म्हणून मागे वळून बघायचं, असा तो प्रकार होता. पहिल्या सहामाहीत अंदाज आणि वास्तव यांचा मेळ एक्क्याण्णव टक्के आला, वर्षअखेरीस अठ्ठ्याण्णव, आणि दुसऱ्या वर्षी नव्व्याण्णव पूर्णांक आठ. जगात एवढा मेळ नवरा-बायकोतही सापडत नाही. विभागाला पुरस्कार मिळाला. समारंभात वास्तवाचा प्रतिनिधी म्हणून कानसेनला व्यासपीठावर बसवलं आणि एक पुष्पगुच्छ दिला. तो त्याने घरी नेऊन आईला दिला. आईने विचारलं, कशाबद्दल रे? तो म्हणाला, सांगितल्याप्रमाणे वागल्याबद्दल.

मग त्याला एक अवदसा आठवली. सगळेच आकडे चाळीस असले तर कुणाला तरी संशय येईल, तेव्हा मधूनच थोडा खरेपणा दिसावा म्हणून त्याने एका सकाळी एकोणचाळीस लिहिलं. पण मेळ वाढला तशी तफावतीची सूट पाच टक्क्यांवरून एक टक्क्यावर आली होती, आणि ती सूचना त्याने न वाचताच सही करून परत पाठवली होती. रंगारीसाहेब स्वतः खाली आले. पायाला तेल लागू नये म्हणून त्यांनी बुटांवर पिशव्या चढवल्या होत्या.

"काका, एकोणचाळीस कसं काय?"

"एखादं मिनिट इकडेतिकडे होतंच, साहेब."

"कुठे होतं? प्रशिक्षणानंतरच्या अकराशे नोंदी आहेत तुमच्या. एकदाही झालेलं नाही."

कानसेनने स्पष्टीकरणात लिहून दिलं की भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट मागे होतं. घड्याळ उतरवून तपासणीला नेलं. तीन आठवड्यांनी ते बरोबर असल्याच्या शिक्क्यासह परत आलं. स्पष्टीकरण फेटाळलं गेलं, आणि त्या दिवशीचे बारा दांडे 'विचलित माल' अशी पाटी असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात कुलपात गेले. चिठ्ठीवर शेरा होता: खरं कारण मिळेपर्यंत रोखले.

यानंतरची पायरी तर्काला धरूनच होती. साहेबांनी बैठक बोलावली आणि आलेख दाखवला. दोन वर्षांच्या नोंदींवरून सिद्ध होत होतं की लेथचा नॉब शंभरावरून एकदाही हललेला नाही. जो नॉब कधी हलतच नाही तो ठेवायचा कशाला? तो असणं म्हणजे मॉडेलवर अविश्वास दाखवण्यासारखं आहे, आणि आज ना उद्या कुणाचा तरी हात त्याला लागेल. तेव्हा सर्व यंत्रांवरचे नॉब काढून टाकावेत. कुणाला काही सांगायचंय का, असं विचारून साहेबांनी खोलीभर नजर फिरवली.

सांगायचं तर कानसेनला सगळंच होतं. पण अकराशे प्रपत्रांवर अकराशे सह्या त्याच्याच होत्या, आणि निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. त्याने घसा खाकरला.

"बोला ना, काका."

"नॉब काढला की तिथे भोक राहील, साहेब. तेल जाईल आत."

फार चांगलं निरीक्षण आहे, असं साहेब म्हणाले. भोकावर कंपनीचं बोधवाक्य छापलेला गोल कागद चिकटवण्यात आला.

यंत्राला आता कानांची गरज उरली नव्हती, म्हणून कानसेनला बढती मिळाली. 'वास्तव-नोंद सहायक' असं पद होतं, वरच्या मजल्यावर खुर्ची होती, आणि काम एकच: प्रत्यक्षचा रकाना भरणं. पूर्वी हे काम तो लेथ सांभाळून करत असे. आता त्याला पूर्ण वेळ मिळाला.

खाली यंत्र वरच्या आज्ञेप्रमाणे पळू लागलं. ते दर चाळीस मिनिटांनी स्वतःच टूल बदली. चाळीस मिनिटांत सहा दांडे होत. पहिला दांडा होईतो सात मिनिटं संपत आणि टूलही संपे. पुढचे पाच दांडे मेलेल्या टूलने ओरबाडलेले असत. दिवसाचं उत्पादन दुपटीवर गेलं आणि उत्पादन विभागाने लगेच उद्दिष्ट दुप्पट केलं. कानसेनची खुर्ची नेमकी लेथच्या वर होती. आठव्या मिनिटापासून फरशीतून टूलचं रडणं त्याच्या पायांत चढे. दोन दिवस त्याने ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी तो घरून कापसाचे बोळे घेऊन आला आणि कानांत घालून बसला.

आरडाओरडा केला तो एकट्या तपासनीसबाईंनी. तयार दांडा यंत्राखाली धरून मोजणं हे त्यांचं काम, आणि त्यांना चरे दिसायला लागले होते. साहेबांनी त्यांना विचारलं की मॉडेलमध्ये चरे येतात का. बाई म्हणाल्या, नाही. मग ते मोजण्यातून येत असले पाहिजेत, असं साहेब म्हणाले, आणि त्यांनी तीन महिन्यांचा अभ्यास करवला. ज्या दिवशी दांडे मोजले गेले त्याच दिवशी दोष सापडले होते. ज्या दिवशी बाई रजेवर होत्या त्या दिवशी एकही नाही. निष्कर्ष उघड होता. मोजणी बंद झाली. बाईंचं यंत्र कपाटात गेलं आणि त्यांच्या हातात 'तपासले' असा शिक्का आला. शेवटी तयार सांधा माणसाच्या अंगात कसा चालतो हे पाहायला संगणकात एक आदर्श रुग्णही बनवला गेला. वजन सत्तर किलो. तो सपाट जमिनीवर एक कोटी पावलं चालला आणि एकदाही लंगडला नाही. त्याला जिना नव्हता, न्हाणीघर नव्हतं, आणि म्हातारपणही नव्हतं.

कानसेनच्या आईला ही तिन्ही होती. एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर तिचा पाय सटकला आणि खुबा मोडला.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोठे दिलदार होते. दोन दिवसांत सांधा बसवू म्हणाले, काळजीचं कारण नाही, आणि तोही तुमच्याच कंपनीचा, जो संगणकावर एक कोटी पावलं चाललेला आहे. हे सांगताना त्यांना वाटलं की समोरच्याला अभिमान वाटेल. समोरचा उठून बाहेर गेला.

बाहेर बाकावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. नॉबचं, रकान्याचं, चाळिसाचं. सव्वीस वर्षांत त्याने कामाचं एवढं कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, मग दुसऱ्या कंपनीचा बसवायला सांगा. पण कर्मचाऱ्याच्या घरच्यांना कंपनीचाच सांधा बसवायचा असा नियम होता. दुसरा हवा असेल तर अर्ज करून कारण लिहून द्यावं लागे.

"मग द्या की लिहून," ती म्हणाली. "तुमची आई आहे ती. लेथवर चढवलेला जॉब नाही."

तेव्हा त्याला पिंजरा आठवला. नॉबच्या काळातले सगळे दांडे केव्हाच विकले गेले होते. पण एकोणचाळीसवाले बारा तिथे कुलपात होते. अख्ख्या कारखान्यात खात्रीने धडधाकट असा माल तेवढाच होता, आणि तो नापास होता. तो धावतच तपासनीसबाईंकडे गेला.

"बाई, पिंजऱ्यातला एक दांडा हवाय. आईसाठी."

"दादा, तो विचलित माल आहे."

"तोच तेवढा सरळ आहे, बाई."

बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांना बरंच आधीपासून कळत असावं. पण कळतं तसं बोलायची चौकट त्यांच्याही कागदावर नव्हती. त्यांनी खणातून चार पानं काढली.

"ह्यावर खरं कारण लिहून द्या. मी दुपारच्या आत कुलूप काढते. मग माझं काय व्हायचं ते होवो."

कानसेन वर येऊन खुर्चीत बसला. कानांतले बोळे काढून त्याने लिहायला घेतलं. 'सदर दांडे कापताना नॉब चाळीस टक्क्यांवर होता.' अडीच वर्षांत त्याने कागदावर लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. लिहून झाल्यावर त्याला अगदी मोकळं मोकळं वाटलं. मग त्याने पुढचा प्रश्न वाचला. 'असा प्रकार यापूर्वी किती वेळा घडला?'

पेन थांबलं. अकराशे लिहिलं असतं तर पुरस्कार गेला असता, साहेब गेले असते, नॉब परत आला असता. पण सगळ्यांत आधी तोच गेला असता, खोट्या नोंदींबद्दल, चौदातले आठ महिने शिल्लक असताना. शिवाय त्या अकराशे नोंदी म्हणजे काही धड खोटंही नव्हतं. ते दांडे तर चांगले होते. आणि नवे सगळेच वाईट असतील असं थोडंच आहे? सहातला पहिला चांगला निघतो. आईच्या नशिबाने पहिला निघाला तर? मग त्याच्या मनात एक विचार आला, तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता: तिचं वय बघता ती अशी चालून चालून किती चालणार आहे. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा मात्र त्याने पानांचे चार तुकडे केले आणि बाईंना निरोप पाठवला की राहू द्या.

बायकोला त्याने सांगितलं की परवानगी मिळाली नाही. हेही तसं खरंच होतं. त्याने स्वतःला दिली नव्हती. संमतीपत्रावर त्याने सही केली. डॉक्टरांनी सांध्याचा क्रमांक असलेलं कार्ड दिलं, ते त्याने न वाचता पाकिटात घातलं. त्या क्रमांकाला सहाने भागून, दांडा त्या टूलचा कितवा ते बघायची त्याची हिंमत नव्हती.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहाव्या आठवड्यात आई काठी टेकत पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चालली. कानसेन दारात उभा होता, पाठमोरा. तिसऱ्या पावलाला आवाज आला. बारीक, कोरडा, ओरबाडल्यासारखा. एक पाऊल सोडून परत. सव्वीस वर्षं ज्या कानांनी कधी चूक केली नव्हती त्यांनी आताही केली नाही. पहिला तर नव्हताच. पाचवा असेल, कदाचित सहावा.

"अरे, ते दार किरकिरतंय बघ," आई म्हणाली. "तेल घाल जरा."

कानसेनने तेलाची बाटली आणली आणि दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना तेल घातलं. पुसूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा चालली आणि थांबली. अजून वाजतंच आहे, म्हणाली. तुझं तेल काही कामाचं नाही.

महिन्याअखेरीस रुग्णानुभवाची प्रपत्रं आली. कंपनीला आता खऱ्या रुग्णांची आदर्श रुग्णाशी पडताळणी करायची होती. वास्तव-नोंदीचं काम कानसेनकडे असल्यामुळे आईचं प्रपत्र त्यानेच घरी आणलं. 'अपेक्षित'मध्ये छापलेलं होतं: वेदना नाही, चाल सरळ. आवाजाला ओळ नव्हती. आईने चष्मा लावून कागद दूर धरला.

"दुखतं तर आहे मला. उठता-बसता कळ येते. तसं लिही."

"तसं लिहिलं तर चार पानं जोडावी लागतात, आई. कारण द्यावं लागतं."

"मग दे की. काय आहे कारण?"

कारणासाठी तीन चौकटी होत्या: रुग्णाचं वय, रुग्णाचं वजन, रुग्णाची चाल. कानसेन त्या चौकटींकडे बघत राहिला. आई कागद सोडून त्याच्याकडे बघत राहिली. आयांना कागद वाचता नाही आला तरी मुलं वाचता येतात.

"तुला त्रास होईल का रे, दुखतं म्हटलं तर?"

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"बरं," आई म्हणाली. "शेजारी छापलंय तेच लिहून टाक. मी सही करते. माझं काय, होईल सवय."

त्याने प्रत्यक्षच्या रकान्यात 'अपेक्षेप्रमाणे' असं लिहिलं. आईने सही केली, आणि उठताना तिच्या तोंडून जे निघालं ते पटकन खोकल्यात लपवलं. दुसऱ्या दिवशी कानसेनने ते प्रपत्र नोंदवलं. मेळ नव्व्याण्णव पूर्णांक आठवरून शंभरावर गेला. रंगारीसाहेबांनी त्याच्या खुर्चीपाशी येऊन त्याचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

"काका," ते म्हणाले, "वास्तव अखेर मॉडेलपर्यंत पोहोचलं."

कानसेनचा राग आलेल्या वाचकांसाठी प्रपत्र क्रमांक सतरा इथेच जोडलं आहे. अपेक्षित: वाचकाने समोर आलेला कागद न वाचता, न बघता, न मोजता आयुष्यात कधीही भरलेला नाही. तफावत असल्यास चार पानं जोडावीत आणि कारण लिहावं. प्रत्यक्ष: अपेक्षेप्रमाणे. आपला वेळ जाऊ नये म्हणून रकाना आधीच भरून ठेवला आहे. सही तेवढी करा.